हरल्यानंतरचें शहाणपण

खेळांत हार आणि जीत या दोन्ही चालावयाच्याच, असें आपण मुलांना शाळेंत शिकवितों. आणि आपला संघ हरला म्हणजे तें वाक्य सर्वांच्या आधीं आपणच विसरतों. सामना संपतो, मैदानावरील दिवे मालवतात, खेळाडू आपापल्या मुक्कामीं जातात; परंतु गांवोगांवच्या पारांवर, बसस्थानकाच्या बांकांवर आणि घरोघरच्या माजघरांत खरा सामना त्यानंतरच सुरू होतो. या दुसऱ्या सामन्यांत चेंडू नसतो आणि फळीही नसते. असतो तो एक आरोपी. हा आरोपी बहुधा संघाचा कप्तान असतो. नाणेफेक जिंकून त्यानें असें कां केलें, अमक्यास अकरांतून कां वगळलें, तमक्यास आधीं फलंदाजीस कां धाडलें नाहीं, अशीं आरोपपत्रें एकामागून एक वाचलीं जातात. आणि निकाल आधींच ठाऊक असल्यामुळें साक्षीपुराव्यावांचून कोणाचें अडत नाहीं.

या संतापाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यावर प्रेम नाहीं त्याच्या पराभवानें कोणी उपाशी निजत नाहीं. सामना हरल्यावर ज्या घरांत रात्रीं वाढलेलीं पानें तशींच राहतात, त्या घरांतील माणसांना आपल्यापलीकडच्या गोष्टीसाठीं मनापासून वाईट वाटतें, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दुःख करणें निराळें आणि न्याय करणें निराळें. दुःखाच्या भरांत दिलेला न्याय बहुधा चुकतो. आणि चुकीचा न्याय देण्याची ही संवय मैदानापुरती राहत नाहीं, ती हळूहळू घरांत शिरते. याच गोष्टीचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा, असें योजिलें आहे.

या विषयाचें सर्वांत जवळचें उदाहरण आम्हां कोपरगांवकरांना अगदीं शेजारीं सांपडतें. दौंड-मनमाड लोहमार्गावर येथून नगरकडे निघालें म्हणजे पुणतांबें मागें पडल्यावर कांहीं वेळानें बेलापूर नांवाचें स्टेशन लागतें. स्टेशनाचें नांव बेलापूर, परंतु त्याच्या भोंवतीं वसलेलें गांव श्रीरामपूर. ऊस आणि साखर कारखाने यांच्या या मुलखांत ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं झहीर खान यांचा जन्म झाला. या आडगांवच्या मुलानें डाव्या हातानें वेगवान चेंडू टाकीत मुंबई गांठली आणि पुढें भारताच्या संघांत मुख्य गोलंदाजाचें स्थान मिळविलें, याचा अभिमान आमच्या जिल्ह्यांत अजून ताजा आहे.

२००३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाची स्पर्धा झाली, तींत झहीर यांनीं १८ बळी घेतले. भारताच्या दुसऱ्या कोणाही गोलंदाजास तितके मिळाले नाहींत. आरंभीं १५ फेब्रुवारीस ऑस्ट्रेलियाकडून हार खाल्ल्यानंतर भारतानें लागोपाठ ८ सामने जिंकले, आणि २३ मार्च रोजीं जोहान्सबर्ग येथें अंतिम सामन्यांत पुन्हां ऑस्ट्रेलियाशींच गांठ पडली. कप्तान सौरव गांगुली यांनीं नाणेफेक जिंकली आणि प्रतिपक्षास आधीं फलंदाजी करावयास सांगितलें. पहिलें षटक झहीर यांच्या हातीं आलें, आणि त्या एका षटकांत १५ धावा गेल्या. पुढें रिकी पाँटिंग यांनीं नाबाद १४० व डेमियन मार्टिन यांनीं नाबाद ८८ धावा करून ऑस्ट्रेलियाची संख्या अवघ्या दोन गड्यांच्या बदल्यांत ३५९ वर नेली. झहीर यांच्या ७ षटकांत ६७ आणि जवागल श्रीनाथ यांच्या १० षटकांत ८७ धावा निघाल्या. उत्तरादाखल सचिन तेंडुलकर पहिल्याच षटकांत ४ धावांवर परतले. वीरेंद्र सेहवाग यांनीं ८२ धावांची झुंज दिली. पण भारताचा डाव २३४ धावांत आटोपला. पराभव १२५ धावांचा होता.

त्या रात्रीं जे दोन प्रश्न विचारले गेले, ते या प्रांतांत आजतागायत विचारले जातात. नाणेफेक हातीं आली असतां फलंदाजी कां घेतली नाहीं? आणि अनिल कुंबळे यांच्यासारख्या अनुभवी फिरकी गोलंदाजास बाहेर कां बसविलें? प्रश्न रास्त आहेत. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांपैकीं बहुतेकांना उत्तर नको असतें. त्यांना फक्त कबुली हवी असते. उत्तर ऐकावयाची तयारी असेल तर तें असें आहे. त्या सकाळीं हवा ढगाळ होती, खेळपट्टींत ओलावा असेल आणि वेगवान गोलंदाजांस त्याचा लाभ होईल, असा कयास होता. भारताचे तिघे वेगवान गोलंदाज त्या स्पर्धेंत उत्तम टाकीत होते. याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध महिन्यापूर्वीं आधीं फलंदाजी करून भारताचा डाव १२५ धावांत गडगडला होता. शिवाय १९९६ आणि १९९९ या दोन्ही सालीं विश्वचषकाचा अंतिम सामना नंतर फलंदाजी करणाऱ्या संघानें जिंकला होता. इतक्या गोष्टी ज्याच्या पुढ्यांत आहेत, त्यानें आधीं गोलंदाजी पत्करली तर तो निर्णय वादग्रस्त म्हणतां येईल. वेडेपणाचा म्हणतां येणार नाहीं.

याहून बोलकें उदाहरण १९९६ सालचें आहे. १३ मार्च रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर भारत आणि श्रीलंका यांचा उपान्त्य सामना झाला. धावांचा पाठलाग करण्यांत श्रीलंकेचा हातखंडा होता, हें जाणून कप्तान महंमद अझरुद्दीन यांनीं नाणेफेक जिंकतांच त्यांना आधीं फलंदाजी दिली. पहिल्याच षटकांत श्रीलंकेचे दोन्ही सलामीचे फलंदाज बाद झाले, आणि फलकावर अवघी एक धाव होती! त्या घटकेस अझरुद्दीन यांच्या चातुर्याची वाखाणणी झाली नसेल असें घर देशांत विरळा. पण श्रीलंकेनें २५१ पर्यंत मजल मारली, सायंकाळीं खेळपट्टी उखडली, आणि एक बाद ९८ वरून भारताची अवस्था आठ बाद १२० अशी झाली. प्रेक्षकांनीं बाटल्या फेकल्या, बैठकींना आगी लावल्या; शेवटीं सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनीं सामना श्रीलंकेस बहाल केला. विनोद कांबळी डोळे पुशीत मैदानाबाहेर आले, तें दृश्य मराठी माणूस विसरलेला नाहीं. आतां निर्णय तर एकच होता. दुपारीं तो शहाणपणाचा आणि रात्रीं तोच मूर्खपणाचा, हें कसें घडलें? मध्यंतरीं निर्णय बदलला नव्हता. बदलला होता तो केवळ धावफलक. आणखी गंमत अशी कीं, चारच दिवसांनीं लाहोरच्या अंतिम सामन्यांत श्रीलंकेचे कप्तान अर्जुन रणतुंगा यांनींही नाणेफेक जिंकून आधीं क्षेत्ररक्षणच पत्करलें. तोंपर्यंत झालेल्या पांचही विश्वचषकांचे अंतिम सामने आधीं फलंदाजी करणाऱ्या संघानें जिंकले होते. म्हणजे रणतुंगा यांनीं रूढीविरुद्ध पाऊल टाकलें. ते जिंकले, आणि द्रष्टे ठरले.

अलीकडचा दाखला हवा असेल तर १९ नोव्हेंबर २०२३ चा आहे. अहमदाबादेस अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियाचे कप्तान पॅट कमिन्स यांनीं नाणेफेक जिंकून भारतास आधीं फलंदाजी दिली. म्हणजे वीस वर्षांपूर्वीं गांगुली यांनीं जें केलें तेंच. लागोपाठ दहा सामने जिंकून आलेल्या भारतीय संघाचा डाव २४० धावांत संपला, ट्रॅव्हिस हेड यांनीं १३७ धावा केल्या, आणि ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून चषक नेला. कमिन्स यांच्या दूरदृष्टीचे पोवाडे गाइले गेले. नाणेफेक हरल्यामुळें घात झाला, असें आपल्याकडे पुष्कळांनीं म्हटलें. परंतु रोहित शर्मा यांनीं नाणेफेकीच्या वेळींच सांगितलें होतें कीं, आपण जिंकलों असतों तरी फलंदाजीच घेतली असती. म्हणजे दोन्ही कप्तानांस जें हवें होतें तेंच मिळालें होतें. हें ध्यानांत घेतल्यावर नाण्यास दोष देण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्याय म्हणून एक न्याय सांगितला आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं फळ खालीं पडलें. पाहणारा म्हणतो, कावळ्यानें पाडलें. मराठींतही कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, असें म्हणतात. कप्तानाचे सर्व निर्णय कावळ्यासारखे निरुपद्रवी असतात असें आमचें म्हणणें नाहीं. पण निर्णय आणि फळ यांच्या मध्यें अकरा खेळाडूंचे हातपाय, प्रतिपक्षाचें कौशल्य, वारा, ओलावा आणि दैव अशा दहा गोष्टी उभ्या असतात, हें विसरून फळावरून निर्णयाची परीक्षा करणें म्हणजे उत्तरपत्रिका न वाचतां विद्यार्थ्याच्या पायगुणावरून गुण देण्यासारखें आहे.

हा रोग आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ तेथील लोकांच्या जिवाभावाचा आहे. त्यांत एकच चेंडूफेक्या डावामागून डाव चेंडू टाकीत राहतो; तो दमला असें वाटलें म्हणजे संघाचा व्यवस्थापक त्यास परत बोलावून दुसऱ्यास पाठवितो, आणि परत बोलाविलेला गडी त्या सामन्यांत पुन्हां उतरूं शकत नाहीं. त्यामुळें कोणास केव्हां बोलवावें, हाच तेथें सर्वांत कठीण प्रश्न. १६ ऑक्टोबर २००३ रोजीं बोस्टन आणि न्यू यॉर्क यांच्यांतील निर्णायक सामन्यांत बोस्टनकडे ५ विरुद्ध २ अशी आघाडी होती. पेड्रो मार्टिनेझ हे त्यांचे नामांकित चेंडूफेके दमत चालले होते. व्यवस्थापक ग्रेडी लिटल मैदानांत जाऊन त्यांच्याशीं बोलले, आणि त्यांच्यावर विश्वास टाकून परत आले. आघाडी गेली, सामनाही ६ विरुद्ध ५ असा गेला, आणि थोड्याच दिवसांत लिटल यांची जागाही गेली. पुढें २७ ऑक्टोबर २०२० रोजीं तेथील जगज्जेतेपदाच्या सामन्यांत टॅम्पा बे संघाचे केविन कॅश यांनीं नेमकें उलट केलें. ब्लेक स्नेल उत्तम टाकीत होते, आघाडी १ विरुद्ध ० अशी होती. तरी ७३ चेंडूंनंतर कॅश यांनीं त्यांना परत बोलाविलें. सामना ३ विरुद्ध १ असा हातचा गेला. एकानें गडी ठेवला म्हणून शिव्या खाल्ल्या, दुसऱ्यानें काढला म्हणून खाल्ल्या. एक माणसाच्या शब्दावर विसंबला, दुसरा आंकड्यांच्या हिशेबावर. लोकांच्या न्यायालयांत दोघांनाही शिक्षा एकच.

कोणी म्हणेल, कप्तानास पैसा आणि मान मिळतो, त्यानें चार शिव्या सोसल्या तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. केवळ फळावरून शिक्षा होते हें ज्याला उमजलें, तो पुढच्या वेळीं उत्तम मार्ग शोधीत नाहीं. तो दोष न येणारा मार्ग शोधतो. सर्वजण जें करतात तें केलें आणि हरलों, तर दैवावर ढकलतां येतें. नवें कांहीं केलें आणि हरलों, तर आपल्याच गळ्यांत येतें. मग तो नवख्या मुलास संधि देत नाहीं, वेळ पडली असतां आपण पुढें होत नाहीं, आणि प्रत्येक पावलापूर्वीं लोक काय म्हणतील याचाच अदमास घेत बसतो. भित्रा कप्तान हा बहुतेक वेळां लोकांनींच घडविलेला असतो.

तर मग टीका करूंच नये काय? अवश्य करावी. न्यायाधीश नसेल तर चूक आणि बरोबर यांत भेदच उरणार नाहीं. पण टीका करण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला: निर्णय घेणाऱ्यास त्या घटकेस काय ठाऊक होतें? दुसरा: त्याच्यापुढें दुसरा मार्ग कोणता होता, आणि तो खरोखर निर्धोक होता काय? तिसरा: फसला तो निर्णय, कीं त्याची अंमलबजावणी?

दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व आमच्या गांवास नव्यानें सांगावयास नको. कोपरगांवच्या बेटांत गोदावरीकाठीं शुक्राचार्यांचें देवालय आहे, आणि कचाची कथा येथें पोरांसोरांस पाठ असते. असुरांनीं कचास जाळून त्याची राख मद्यांतून गुरूलाच पाजली. आतां कचास उठवावें तर गुरूचें पोट फाटतें. न उठवावें तर देवयानी प्राण देते. आचार्यांनीं पोटांतील शिष्यास संजीवनी विद्या शिकविली. तो बाहेर आला, आणि त्याच विद्येनें त्यानें गुरूस उठविलें. विद्या प्रतिपक्षाच्या हातीं गेली म्हणून असुरांनीं आचार्यांस बोल लावणें सोपें आहे. परंतु त्या क्षणीं याहून बरा मार्ग कोणता होता, आणि तो पेंच मुळांत कोणीं घातला होता, हें त्यांनीं आधीं सांगितलें पाहिजे.

या तीन प्रश्नांच्या चाळणींतून कांहीं दोष खालीं गळतात, तर कांहीं वर राहतात. २०१९ सालीं मँचेस्टर येथें ९ व १० जुलै रोजीं न्यूझीलंडविरुद्ध झालेला उपान्त्य सामना पाहावा. २४० धावांचा पाठलाग करतांना भारताचे पहिले तिघे फलंदाज प्रत्येकीं एक धाव करून परतले, आणि चौथा गडी बाद झाला तेव्हां फलकावर २४ धावा होत्या. अशा वेळीं पडझड थांबविण्याचा सर्वांत मोठा अनुभव ज्यांच्या गांठीं होता, ते महेंद्रसिंग धोनी सातव्या क्रमांकावर राखून ठेवले गेले. रवींद्र जडेजा यांनीं ७७ आणि धोनी यांनीं ५० धावा केल्या, तरी १८ धावा कमी पडल्या. येथें टीकाकार नुसत्या फळाकडे पाहत नव्हते. पडझड सुरू असतांनाच, निकाल लागण्यापूर्वीं, धोनी कां येत नाहींत असें जाणते लोक विचारीत होते. ही टीका न्याय्य होती असें आम्ही समजतों. तो निर्णय सर्व संघाचा होता, असें मुख्य प्रशिक्षक रवि शास्त्री यांनीं पुढें सांगितलें. परंतु ऑगस्ट महिन्यांत नव्या नेमणुका झाल्या तेव्हां शास्त्री व इतर दोघे प्रशिक्षक आपापल्या जागीं राहिले. जागा गेली ती फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर यांची. बांगर हे बीडचे, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे. टीका खरी असली तरी तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हें पाहण्याचें कामही टीकाकारांचेंच आहे.

उलट २०११ सालीं २ एप्रिल रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर याच धोनींनीं अंतिम सामन्यांत युवराज सिंग यांच्या आधीं स्वतः फलंदाजीस येण्याचें ठरविलें. त्या स्पर्धेंत तोंपर्यंत धोनींचें एकही अर्धशतक नव्हतें, आणि युवराज यांचें एक शतक व चार अर्धशतकें झालीं होतीं. धोनींनीं नाबाद ९१ धावा केल्या आणि चषक घरीं आला. ते शून्यावर बाद झाले असते तर अहंकारानें संघ बुडविला, अशी नोंद झाली असती, याविषयीं वाचकांस शंका वाटते काय? आमच्या मतें त्यांनीं त्यावेळीं आपल्या अंगावर जोखीम घेतली, हीच त्या निर्णयाची खरी किंमत; चषक हें तिचें व्याज.

संतापाची एक हद्दही असते. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९७१ सालीं भारतानें वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोहोंना त्यांच्याच भूमीवर प्रथमच कसोटी मालिकेंत हरविलें. त्यांची कप्तान म्हणून निवड निवड-समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें झाली होती. तीही त्या काळीं वादग्रस्तच. १९७४ सालीं इंग्लंडमध्यें तिन्ही सामने गेले, लॉर्ड्सवर एक डाव ४२ धावांत संपला, आणि ज्या मुंबईनें त्यांना डोक्यावर घेतलें होतें तिनेंच त्यांच्या घरावर दगड टाकले. २००३ सालीं स्पर्धेच्या आरंभींच ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर महंमद कैफ यांच्या अलाहाबादच्या घरास लोकांनीं काळें फासलें. २००७ सालीं धोनींच्या रांचींतील अर्धवट बांधलेल्या घरावर जमाव चालून गेला. दगड टाकणारे हात आणि पुष्पहार घालणारे हात निराळे नव्हते. खेळाडूच्या घरांत त्याची आई असते, लहान भावंडें असतात. त्यांनीं नाणेफेक केलेली नसते.

मराठी माणूस ही विद्या क्रिकेटपासून शिकला असें मात्र कोणीं समजूं नये. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें त्याची उलटतपासणी आपल्या घरोघरीं अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भाऊसाहेबांनीं कुटुंबकबिला बरोबर कां नेला, सूरजमल जाटाचा सल्ला कां मानला नाहीं, तोफखान्यावर इतकी भिस्त कां ठेवली! आमच्या कोपरगांवीं गोदावरीतीरीं रघुनाथराव पेशव्यांचा वाडा आहे. १७५८ सालीं मराठ्यांची फौज पंजाबांत नेणारे सेनापति तेच. पण १७६० सालच्या मोहिमेवर त्यांच्याऐवजीं सदाशिवरावभाऊ गेले. राघोबादादा गेले असते तर? या ‘तर’ला उत्तर नाहीं, आणि म्हणूनच तो कधीं संपत नाहीं. १७८३ सालीं दादांनीं येथेंच देह ठेवला, तेव्हां त्यांच्या अखेरच्या दिवसांत हा ‘तर’ त्यांच्याही मनास चाटून गेला असेल काय, असा विचार त्या वाड्यावरून जातांना मनांत येतो.

आतां घरांतील गोष्ट. एकत्र कुटुंब हाही एक संघच असतो. त्यास कर्ता पुरुष असतो, आणि माजघराच्या बाजूस कर्ती स्त्रीही असते. शेत विकावें कीं ठेवावें, मुलास कोणत्या शाखेस घालावें, मुलीसाठीं आलेलें स्थळ पत्करावें कीं आणखी वाट पाहावी, हे निर्णय कोणास तरी घ्यावेच लागतात, आणि ते अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागतात. सर्वांत कठीण निर्णय आजाराच्या रात्रीं येतो. आमच्या भागांत घरांत कोणी एकाएकीं अत्यवस्थ झालें म्हणजे नाशिकास न्यावें, नगरास न्यावें, कीं छत्रपति संभाजीनगरास न्यावें, हा प्रश्न उभा राहतो. गाडी दारांत उभी असते, बायका देवापाशीं दिवा लावून बसलेल्या असतात, आणि एका माणसास पांच मिनिटांत उत्तर द्यावयाचें असतें. रोगी बरा होऊन आला, तर त्या पांच मिनिटांची आठवण कोणासही राहत नाहीं. तो परतला नाहीं, तर मात्र ‘नाशिकास नेलें असतें तर’ हें वाक्य त्या घरांत घर करून राहतें. तें कोणी तोंडावर बोलतें, कोणी बोलत नाहीं. पण वर्षश्राद्धाच्या दिवशीं पंक्ति उठल्यावर तोच विषय निघतो, आणि ज्यानें त्या रात्रीं निर्णय घेतला तो माणूस हात धुण्याच्या निमित्तानें उठून मागच्या अंगणांत जातो. अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्या माणसानेंही आपला भाऊ किंवा आपली आई गमावलेली असते. पण रडण्याचा हक्क इतरांना मिळतो, त्याच्या वांट्यास केवळ जाब येतो. पुढच्या खेपेस घरांत तशीच रात्र येते तेव्हां निर्णय घ्यावयास कोणी पुढें होत नाहीं. सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि मोलाची घटका निघून जाते.

म्हणून मैदानावरच्या न्यायाची शिस्त मुलांना लहानपणींच लागावी, असें आम्हांस वाटतें, आणि तिला एक साधा उपाय आहे. पुढच्या मोठ्या सामन्याच्या दिवशीं, नाणेफेकीच्या आधीं, घरांतील प्रत्येकानें एका चिठ्ठीवर लिहावें: मी कप्तान असतों तर काय केलें असतें, कोणास घेतलें असतें, आणि कां. चिठ्ठ्या घडी घालून फळीवरच्या डब्यांत ठेवाव्या आणि सामना संपल्यावर उघडाव्या. ज्याची चिठ्ठी नाहीं त्यास टीकेचा अधिकार नाहीं, असा नियम करावा. पहिल्याच दिवशीं घरांतील आवाज बराच खालीं येईल, आणि ज्याचें मत खरोखर आधींपासून तसें होतें त्यास योग्य मानही मिळेल. घरांतील मोठ्या निर्णयांसही हीच रीति लावावी. निर्णय घेतला त्या दिवशीं वहींत तारीख घालून चार ओळी लिहाव्या: काय ठाऊक होतें, काय ठाऊक नव्हतें, आणि कोणकोणाचा सल्ला घेतला. दहा वर्षांनीं ती वही पाहिली म्हणजे घरच्या कर्त्यास न्याय मिळेल, आणि तो खरोखर चुकला असेल तर चूक कोठें झाली हेंही स्पष्ट दिसेल.

राहतां राहिली श्रीरामपूरची हकीकत. २००३ सालीं अंतिम सामन्याच्या पहिल्या षटकांत १५ धावा देणारा तोच गोलंदाज आठ वर्षांनीं वानखेडेवर पुन्हां अंतिम सामन्याचा नवा चेंडू हातीं घेऊन उभा राहिला. त्या दिवशीं झहीर खान यांनीं पहिलीं तीन षटकें एकही धाव न देतां टाकलीं, आणि श्रीलंकेचे उपुल थरंगा यांना बाद केलें. त्या स्पर्धेंत त्यांनीं २१ बळी घेतले. शाहीद आफ्रिदी यांनींही तितकेच घेतले होते, त्यांहून अधिक कोणाचेही नव्हते. जोहान्सबर्गच्या त्या एका षटकावरून त्यांच्या हातून चेंडू कायमचा काढून घेतला असता, तर वानखेडेवर तो कोणाच्या हातीं द्यावयाचा होता, याचें उत्तर त्या रात्रीं शिव्या देणाऱ्यांपैकीं कोणापाशींही नव्हतें.